विहीणबाईंचे प्रतिज्ञापत्र

रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा
माघ शुद्ध त्रयोदशी, शके १९०२

मुंबापुरनिवासी, गोदीकचेरीचे आधारस्तंभ, आणि वर्ध्याचे पाणी पिऊन वाढल्यावरही ‘मले’चे ‘मला’ करून बसलेले आमचे साडूभाऊ प्रभाकरराव यांच्या चरणी (चरण घाटकोपरला असल्यामुळे लांबूनच) रोहण्याच्या बापूराव मास्तराचा नमस्कार पोहोचो.

पत्राच्या आरंभी प्रकृती विचारण्याची रीत आहे आणि ती मी मोडणार नाही. आपल्या पोटातला वायू कसा आहे? मागे आपण इथे मुक्कामाला होता तेव्हा तो रोज आपल्याआधी जागा होत असे. रुख्माबाईंची कंबर, थोरल्याची नोकरी आणि धाकटीचे गणित यांचे कुशल कळवावे. तिन्हींपैकी एखादे सुधारले असेल तर आधी ते कळवावे. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. तूर घरात आली, कापसाचा शेवटचा वेचा चालू आहे, म्हैस यंदा प्रसन्न आहे. हेडमास्तरांनी संस्कृतचा तास दिवसाच्या शेवटी ठेवल्यामुळे मुले देवभाषेत जांभया देतात, आणि त्या जांभयांचे उच्चार शुद्ध असल्यामुळे मीही काही म्हणत नाही. माझा गुडघा मात्र कुरकुरतो आहे. त्याचे कारण म्हणजे वर्ध्याच्या कचेरीचे जिने, आणि त्या जिन्यांचे कारण म्हणजे आमची कांता.

आमची एकुलती एक कांता नाचणगावच्या काळबांड्यांकडे दिली, त्या लग्नाला सुटी न मिळाल्यामुळे आपण येऊ शकला नाहीत (आलेल्या आहेरावरून आम्ही ते खरे मानले). जावई चंद्रभान कुवेतला एका कंपनीत थंड हवेची यंत्रे दुरुस्त करतो. ज्या जिल्ह्यात वैशाखात कावळासुद्धा सावली सोडून उडत नाही, त्या जिल्ह्यातला माणूस वाळवंटात जाऊन अरबांना गार हवा पुरवतो, याचा मला मास्तर म्हणून अभिमान वाटतो आणि सासरा म्हणून चिंता वाटते. कारण लग्नाची हळद निघाली न निघाली तोच तो गेला आणि पोर नाचणगावला सासू-सासऱ्यांपाशी राहिली. व्याकरणात समासाचा विग्रह विद्यार्थ्याला समजावा म्हणून करतात. आमच्या कांतेच्या समासाचा विग्रह कंपनीने केला, आणि तो गेली काही वर्षे कोणालाच समजला नाही.

तर पौषात जावईबापूंचे पत्र आले. कंपनीने त्याला दोन खोल्यांचे क्वार्टर दिले, बायकोला आणायची परवानगीही दिली. फक्त मार्चअखेरीपर्यंत ती तिथे हजर पाहिजे, नाही तर क्वार्टर रांगेत मागे उभ्या असलेल्या एका केरळवाल्याला जाणार. (त्या बिचाऱ्याची बायको तिकडे नारळाखाली वाट बघत असेल, हेही मला कळते. पण मी केरळच्या पोरीचा बाप नाही.) एकदा ही संधी गेली की पुन्हा केव्हा येईल ते कंपनीला माहीत. आणि कांता तिथे उतरायची तर तिच्याजवळ विवाहाचा दाखला हवा. त्यावर दंडाधिकाऱ्यांचा शिक्का. तो दंडाधिकारी खरा आहे असा जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का. तो जिल्हाधिकारी खरा आहे असा मुंबईच्या मंत्रालयाचा. मंत्रालय खरे आहे असा परराष्ट्र खात्याचा. आणि हे सगळे खरे आहेत असे मान्य करणारा कुवेतच्या वकिलातीचा. शिवाय सगळ्याचे इंग्रजी आणि अरबी भाषांतर. प्रत्येक प्रमाणाला दुसरे प्रमाण लागत गेले तर त्याला न्यायशास्त्रात अनवस्था म्हणतात. आमचे गुरुजी शिकवत की अनवस्था हा दोष आहे. सरकारात ती कार्यपद्धती आहे.

लग्न झाले त्याला पुरावा काय, असे कोणी विचारील हे माझ्या स्वप्नातही नव्हते. अख्खे रोहणा जेवले. बुंदी कमी पडली म्हणून नाचणगावच्या काही मंडळींनी अजून माझ्याशी धरलेला अबोला सोडलेला नाही. लग्न झालेच नसते तर एवढा राग कोण धरतो? पण हा पुरावा कचेरीत चालत नाही. मग ग्रामसेवकाकडून दाखला आणला. त्याने त्याच्या सवयीप्रमाणे ‘सदर विवाह शांततेत व सुरळीत पार पडला’ असे लिहून दिले. (निकाल जाहीर केला नाही एवढीच मेहेरबानी.) जन्माच्या नोंदीसाठी कोतवाल बुकाचा उतारा काढला, शाळेचा दाखला काढला, लग्नपत्रिका शोधली, आणि ही सगळी चळत घेऊन मी कांतेसह वर्ध्याच्या कचेरीबाहेर नत्थूजी अर्जनवीसासमोर जाऊन बसलो. हे गृहस्थ लिंबाखाली टाइपराइटर मांडून लोकांचे दुःख दोन प्रतींत काढून देतात. त्यांनी कागद एकदा खालून वर वाचले, एकदा वरून खाली वाचले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “मास्तर, पोरी दोन आन नवरा एक. हे कसं जमवलं?”

चूक नत्थूजींची नव्हती. आपल्या लक्षात आले असेलच, पण मुंबईत राहून रीत विसरला असाल म्हणून सांगतो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. विहीणबाईंनी, म्हणजे चंद्रभानच्या आई आनंदाबाईंनी, आमच्या कांतेचे नाव कोकिळा ठेवले. त्याला कारण होते. चंद्रभानच्या थोरल्या बहिणीचेही नाव कांता, आणि ती गावातल्या गावात दिल्यामुळे सासरी कमी आणि माहेरी जास्त असते. एका घरात दोन कांता ठेवल्या तर हाक मारल्यावर एकही येणार नाही, असे विहीणबाईंचे म्हणणे पडले, आणि ते अनुभवाला धरून होते. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी मांडवात एकालाही सुचले नाही की तांदळावर लिहिलेले नाव तांदूळ शिजले की जाते. परिणाम असा की कोतवाल बुकात कांता, शाळेत कांता, पत्रिकेवर कांता. आणि रेशनकार्डावर, मतदार यादीत, अन् रेशनकार्डावरून निघालेल्या पासपोर्टावर कोकिळा. माझी एकच मुलगी कागदोपत्री दोन झाली होती, आणि त्या दोघींची एकमेकींशी ओळख नव्हती.

दंडाधिकाऱ्यांचा शिक्का ज्यांच्या हाती, ते नायब तहसीलदार प्रेमदाससाहेब तरुण आहेत, कामाला चोख आहेत, आणि हसू आले की फाइल वर धरून त्यामागे तोंड नेतात. त्यांनी कागद पाहिले आणि फाइल वर धरली. मग म्हणाले, “गुरुजी, पत्रिकेवर कांता, पासपोर्टवर कोकिळा. उद्या कुवेतवाल्यांनी विचारलं की पहिलीचं काय केलं, तर मी काय सांगू?” कांता म्हणाली, “साहेब, मीच पयली आन मीच दुसरी.” साहेब म्हणाले, “ते तुम्ही म्हणणारच.” मी म्हणालो, मी हिचा जन्मदाता बाप, मी शपथेवर सांगतो. त्यावर ते म्हणाले, “तुम्ही कांताचे वडील, हे कोतवाल बुकात आहे. कोकिळेशी तुमचं काय नातं, ते कुठंच नाही.” मी आयुष्यभर पोरांना न्यायशास्त्रातले पाच पायऱ्यांचे पंचावयवी वाक्य शिकवले, पण इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी निरुत्तर केले नव्हते. तोडगाही त्यांनीच सांगितला. ज्या व्यक्तीने नाव बदलले तिने स्वतः येऊन, स्वतःच्या तोंडाने शपथेवर सांगावे की अमुकीची तमुकी मी केली. मात्र लवकर, कारण शिरगणतीचे काम लागले आहे, येत्या सोमवारपासून ते खेडोपाडी माणसे मोजायला जाणार आणि ती मोजून होईपर्यंत हे टेबल रिकामे राहणार. रिकाम्या टेबलाशी मार्च उजाडला असता, आणि क्वार्टर केरळला गेले असते.

आता साडूभाऊ, आपल्याला अद्याप जावई यायचा आहे, म्हणून सांगून ठेवतो. मुलीच्या बापाने विहीणबाईंना काही आणून द्यावे, काही मागू नये. आणि मागायचेच असेल तर कचेरीत चला असे तर कधीच मागू नये. मी संत्र्यांची टोपली घेऊन नाचणगावला गेलो. संत्री स्वीकारली गेली. विषय काढताच विहीणबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि भिंतीला विचारू लागल्या, “पोरीचं नाव बदललं म्हून मले जेलात टाकतेत का आता? म्या काय तिचं बरं नाई केलं? कोकिळा नाव वाईट हाय का?” भिंतीने उत्तर दिले नाही म्हणून मी दिले. कोकिळा हे नाव उत्तम आहे, काव्यात त्याला मोठा मान आहे, हे सोदाहरण सांगितले. शेवटी कांताच पुढे झाली आणि म्हणाली, “आत्याबाई, तुमी नाई आल्या तं मी इथंच राहीन, आन रोज तुमच्या संगं भांडीन.” विहीणबाई उठल्या आणि ट्रंकेतून हिरवे लुगडे काढू लागल्या.

आमचे व्याही महादेवराव आपण पाहिलेले नाहीत. ते शब्द जपून वापरतात. एक खोकला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि तीन म्हणजे सर्दी. त्यांच्या नावाविषयी एक गोष्ट इथेच सांगतो, नाही तर पुढचे समजणार नाही. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत हे खरे, पण विहीणबाईंनी हे व्रत फार दूर नेले आहे. नवऱ्याचे नाव महादेव, म्हणून त्या देवाचेही नाव घेत नाहीत. शिवरात्रीला त्या ‘बेलवाल्याच्या’ देवळात जातात. सगळा मुलूख मोठ्या महादेवाच्या यात्रेला जातो तेव्हा त्या ‘पचमढीवाल्याच्या’ यात्रेला जातात. सोयरिकीत आणखी एक महादेव आहे, त्याला त्या ‘यायच्या नावाचा पोट्टा’ म्हणतात, आणि पोट्टा आता आजोबा झाला आहे.

शुक्रवारी आम्ही चौघे एसटीने वर्ध्याला उतरलो. व्याहीबुवा चपला सांभाळायला म्हणून दाराबाहेर बसले (चपला कोणी काढल्याच नव्हत्या). आत साहेब, टाइपराइटरसकट बोलावलेले नत्थूजी, विहीणबाई, कांता आणि मी. साहेबांनी नत्थूजींना बजावले की बाई जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत घ्यायचे, आपल्या पदरचे घालायचे नाही. मग विहीणबाईंना विचारले, तुमच्या घरी कांता नावाची कोणी आहे का? विहीणबाई खोटे बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “हाय ना. आत्ता घरी भाकरी थापून राह्यली.” टाइपराइटर थांबला. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. पहिली बायको सापडली होती, आणि ती भाकरी थापत होती! साहेबांनी घसा साफ करून विचारले, “ती तुमची कोण?” “पोरगी हाय माही. चंद्रभानची मोठी बहीन. म्हून तं हिचं नाव बदललं ना, सायेब! दोघी कांता कशा पुरतीन एका घरात?” आणि विहीणबाईंनी पुढे होऊन कांतेचा दंड धरला. “हे पाहा, हेच कांता व्हती, हेच कोकिळा हाय. म्या केली. माह्या हातानं तांदूळ निवडले, पोराले सांगतलं लिही, त्यानं लिहिलं. हिच्यासारखी सून मले पुन्हा भेटनार नाई, आन हिले दुसरी समजनाऱ्याले डोये नाईत.” साहेब फाइलीमागे गेले. ते बाहेर आले तेव्हा प्रकरण सुटले होते असे मला वाटले. टाइपराइटरही आनंदाने वाजू लागला.

मग साहेब म्हणाले, “आता फक्त तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“आनंदाबाई.”

“पुढं?”

“पुढं काई नाई.”

नवऱ्याचे नाव, साहेब म्हणाले. विहीणबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि माझ्याकडे बोट केले. “यायले माईत हाय.” मी तोंड उघडले तोच साहेबांनी हात वर केला. शपथ त्यांची आहे, नाव त्यांच्याच तोंडून आले पाहिजे. कांतेकडे बघून उपयोग नव्हता. सून सासऱ्याचे नाव घेत नाही. नत्थूजींना राहवले नाही. त्यांनी विचारले, निदान खूण तरी सांगा. विहीणबाईंनी खुणा सांगितल्या: बेलवाले, पिंडीवाले, जटावाले. नत्थूजी म्हणाले, “शंकर?” विहीणबाईंनी मान हलवली. “भोलाराम? नीलकंठ?” दारातल्या शिपायाने आतच येऊन त्र्यंबक सुचवले. मागच्या बाकावर जातीच्या दाखल्यासाठी बसलेल्या बायकांनी आपसात ओळखले आणि त्या हसू लागल्या, पण सांगेनात. साडूभाऊ, मला शिवाची सहस्र नावे पाठ आहेत. त्यातली बहुतेक सगळी त्या दुपारी वर्ध्याच्या कचेरीत होऊन गेली, एक सोडून. शेवटी साहेब म्हणाले, मी ओळखलंय हो बाई, पण माझ्या ओळखण्याचा काय उपयोग? तुम्ही म्हटल्याशिवाय कागद होत नाही, आणि मी सोमवारी नाही.

व्याहीबुवांना आत बोलावले. म्हटले, तुम्हीच समजूत काढा. ते दारात उभे राहिले, एकदा खोकले, आणि मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलेले सर्वांत मोठे वाक्य बोलले: “म्या कायले समजावू? लगीन झाल्यापासून वाट पाहून राह्यलो, मले बी ऐकाचंच हाय.” आणि पुन्हा बाहेर जाऊन चपलांपाशी बसले.

मी घड्याळाकडे बघत होतो आणि मनात क्वार्टरच्या दाराला केरळचे कुलूप लागत होते. तेव्हा कांता सासूच्या कानाशी गेली, पण बोलली ते सगळ्यांनी ऐकले. “आत्याबाई, मांडवात साऱ्या लोकायपुढं तुमी मले त्यायचं नाव घ्याले लावलं व्हतं. मले रडू आलं, तरी म्या घेतलं. आता तुमची पाळी.”

“तवा तुह्यापुढं शिरा व्हता,” विहीणबाई पदराआडून म्हणाल्या. “इथं काय हाय?”

साहेबांनी शिपायाला चहा सांगितला. चहा आला. विहीणबाईंनी बशीतून दोन घोट घेतले, बशी खाली ठेवली, टेबलावरच्या शिक्क्याकडे बराच वेळ पाहिले, आणि एखाद्या मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या:

“निळ्या निळ्या शाईचा गोल गोल शिक्का,
महादेवरावाचं नाव घेतो, कागद करा पक्का!”

मागच्या बायकांनी असा गलका केला की शेजारच्या खोलीतले कारकून धावत आले. नत्थूजींनी हुकूम पाळला. बाई बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत घेतले: ‘मी, आनंदाबाई’, आणि त्यापुढे दोन ओळी, यमकासकट. साहेबांनी कागद वाचला. या वेळी फाइल कमी पडली म्हणून त्यांनी रजिस्टर वर धरले. मग सही केली, आणि गोल शिक्का शाईत बुडवून असा दाबला की टेबल हलले. व्याहीबुवा आत येऊन म्हणाले, “टाइपराइटर वाजत व्हता. मले अर्धंच आलं ऐकू. पुन्हा म्हन.” विहीणबाई कागद त्यांच्या हातात देऊन पुढे चालू लागल्या. “लिहेल हाय त्याच्यात. वाचून घ्या.” त्यांनी तो पुलगाव येईपर्यंत एसटीत वाचला. खड्ड्यांमुळे ओळ सुटत होती म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाचत होते, असे त्यांचे म्हणणे.

वरच्या कचेरीतल्या चिटणीसांनी आक्षेप घेतला. शपथपत्रात काव्य चालते का? मी नम्रपणे म्हणालो, आपल्या देशात जुने सगळे कायदे छंदातच आहेत. गद्यात आले तेव्हापासून ते समजेनासे झाले. ते म्हणाले, निदान यमक तरी काढा. मी म्हणालो, शपथेवर सांगितलेले बदलायचे तर शपथ नव्याने घ्यावी लागेल, आणि बाई तयार होतील असे वाटत नाही. त्यांनी तो मजकूर आपल्या कचेरीत आधी एकाला, मग सगळ्यांना वाचून दाखवला, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीला आत पाठवला. आत काय झाले मला माहीत नाही. बाहेर हसण्याचा आवाज आला आणि कागद आला.

इंग्रजी मी स्वतः केले. (हसू नका. आपल्या इंग्रजी अर्जांना गोदीत उत्तर येत नाही, हे रुख्माबाईंनी सांगितले आहे.) त्या भाषेत नाव ‘घेणे’ असे काही नाही, घेतले म्हटले की साहेब विचारणार, कुठून घेतले आणि परत केव्हा ठेवणार? ते कसेबसे उरकून अरबीसाठी नागपूरला एका मौलवीसाहेबांकडे गेलो. मदरशात शिकवतात, दाढी पांढरी, आवाज गोड. त्यांनी कागद वाचता वाचता बोट एका जागी ठेवले आणि विचारले, “मास्टरजी, ये बीच में शेर कैसे आया?” मी सगळी हकीकत सांगितली आणि मूळ ओळी म्हणून दाखवल्या. ते म्हणाले, “फिर से कहिए.” मी फिरसे म्हणालो. मग हळूच म्हणाले, “हमारे यहाँ भी यही हाल है. शादी को अरसा हुआ, आज तक ‘सुनते हो’ से आगे बात नहीं बढ़ी.” त्यानंतर आम्ही दोघे म्हातारे (ते पुष्कळ, मी थोडा) सतरंजीवर बसून बोटांवर मात्रा मोजत होतो, ते त्यांच्या भाषेच्या, मी माझ्या. साधे भाषांतर पटकन झाले असते, पण यमक जुळल्याशिवाय त्यांनी मला उठू दिले नाही. शेवटी त्यांनी वाचून दाखवले. अर्थ मला कळला नाही, पण दोन्ही ओळी एकाच जागी येऊन टेकल्या, एवढे कानाला कळले. आता कुवेतमधला जो कोणी अधिकारी हा कागद उघडील, त्याला नाचणगावच्या महादेवरावांचे नाव वृत्तात मिळेल.

असो. जिल्ह्यातले सगळे शिक्के झाले. एक गंमत लिहू का? प्रत्येक शिक्क्यासाठी मी पळालो, जिने चढलो, साहेबांपुढे वाकलो, आणि प्रत्येक शिक्का बसला की कांता थोडी आणखी लांब गेली. सरकार एकाच मुलीची पाठवणी बापाला दोनदा करायला लावते. पहिल्यांदा रडायला सोबत माणसे असतात, दुसऱ्यांदा नुसता शिपाई. परंतु पोर हसते आहे. मध्यंतरी तिने स्वयंपाकघरात वाळूत चालायचा सराव म्हणून गव्हाच्या राशीवर चालून पाहिले आणि तिच्या आईचा ओरडा खाल्ला. तिचे हसू बघून मीही हसतो.

पत्र लांबले. आपल्याला वाचायला सवड असतेच, म्हणून आवरते घेतले नाही. रुख्माबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, वायूस आराम पडो.

आपला,
बापूराव

ता. क. हे पत्र घरी मोठ्याने वाचून दाखवले. त्यावर स्वयंपाकघरातून प्रश्न आला की विहीणबाईंचे एवढे कौतुक लिहिले, पण तुम्ही तरी कधी माझे नाव घेतले का? गेली कित्येक वर्षे ‘अहो, ऐकलं का’वरच चालले आहे. मुद्दा बिनतोड आहे. सबब नोंदवतो की माझ्या बायकोचे नाव सौ. जिजाबाई आहे. नाव लिहून झाले, आणि छत जागेवर आहे.

ता. क. २. वर ‘जिल्ह्यातले सगळे शिक्के झाले’ असे लिहिले आहे. राहिलेले मुंबईत आहेत: मंत्रालय, परराष्ट्र खात्याची तिथली शाखा आणि कुवेतची तिथली वकिलात. माझ्या शाळेची तपासणी याच आठवड्यात आहे, त्यामुळे मला निघता येत नाही, आणि मुंबईत आमचे आपल्याशिवाय कोणी नाही. आपण गोदीतून थोडे दिवस रजा काढावी. बोटी आपल्यावाचूनही बंदराला लागतात, असे मी ऐकून आहे. कांतेला त्या तिन्ही ठिकाणी घेऊन जावे, आणि शेवटचा शिक्का बसला की तिला विमानात बसवून द्यावे. मुंबईच्या साहेबांनी खातरजमा करायची म्हटली तर अडू नये म्हणून विहीणबाईही सोबत आहेत. विहीणबाई आहेत म्हणून व्याहीबुवाही आहेत. ते म्हणतात, या वेळी आपण आतच बसणार.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. हे पत्र टपालाने आलेले नाही. ज्या मुलीने ते आपल्या हाती दिले ती आमची कांता (आपण पाहिली तेव्हा परकरात होती, म्हणून ओळखली नसेल). मावसाजींचे वाचून होईपर्यंत काही बोलू नकोस, अशी मी तिला ताकीद दिली आहे, कारण ती बोलली असती तर आपण पत्र वाचले नसते. म्हणजे आपण चष्मा शोधून, मांडी घालून इथपर्यंत आलात तितका वेळ ती सासू-सासऱ्यांना मागे जिन्यात ठेवून दारात उभी आहे आणि हसू आवरते आहे. आता वाचून झाले. उठा, आधी तिच्या हातातली पेटी घ्या.